सोमवारचं पाणी

माळावरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत दर काही वर्षांनी तपासणी समिती यायची. ती येण्याआधी प्रत्येक शास्त्रज्ञाला आपण कोण आहोत हे नव्यानं लिहून द्यावं लागायचं. शिकलात काय, आधी कुठं नोकरी केलीत, नैपुण्य कशात. ते सगळं गोळा करून पुस्तिका करायचं काम रिवाजाप्रमाणे सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडायचं. यंदा ते इराच्या गळ्यात पडलं होतं.

इरा डेहराडूनहून आलेली. उपग्रहानं वरून काढलेल्या चित्रांवरून खालची जमीन ओळखायची, हे तिचं शिक्षण. बारामतीत येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. पुस्तिकेच्या निमित्तानं ती या खोलीतून त्या खोलीत फिरली आणि आपण कुठल्या माणसांत येऊन पडलो आहोत, हे तिला पहिल्यांदाच नीट कळलं. अद्वय पूर्वी पुण्यात एका कंपनीत दवाखान्यांसाठी रक्तदाब मोजायची यंत्रं बनवायचा, आता उसाच्या पानांचा ताप मोजायची यंत्रं बनवत होता. संचालकांची पीएचडी माशांच्या आजारांवर होती, आणि ज्या माळावर उन्हाळ्यात बेडूकसुद्धा सापडत नाही तिथं ते दुष्काळाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. यावर ते स्वतःच सगळ्यात आधी विनोद करायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाला करायची पाळी येत नसे.

सगळ्यांत शेवटी ती विनयाताईंच्या खोलीत आली. दुपार होती, वारा पश्चिमेचा होता आणि खिडकीतून माळेगावच्या कारखान्याच्या मळीचा वास आत येत होता. विनयाताई डबा खात होत्या. डाळ-तांदळाची खिचडी, पण पांढरीफटक. इरानं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की आज सोमवार, सोमवारी त्या मीठ खात नाहीत. लग्नाआधीपासून धरलेला वार होता.

"मॅडम, नैपुण्यात काय लिहू?"

"लिही, खारट जमीन."

"आणि घरी अळणी जेवण," इरा हसून म्हणाली.

विनयाताईही हसल्या. घरात तर रोजच तसं होतं. चिंतामणरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, रक्तदाब होता, डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. दिवसभर मिठाचा हिशेब करून संध्याकाळी बिनमिठाची आमटी ढवळायची, यात त्यांना आताशा गंमतही वाटेनाशी झाली होती. दिवाळीनंतर त्या निवृत्त होणार होत्या. राहुरीला माती शिकल्या, मग सांगलीकडच्या एका केंद्रात काम केलं, मग ही प्रयोगशाळा उभी राहिली तेव्हा इथं आल्या. उसाला पाणी पाजून पाजून पांढऱ्या पडलेल्या जमिनी बघण्यात आयुष्य गेलं होतं. गुडघे दुखत होते. सकाळची पूजा, तुळशीला पाणी, एक माळ जप, एवढं झालं की दिवसभराची सगळी शक्ती तिथंच संपल्यासारखी वाटायची.

पण पुस्तिकेत त्यांच्या नावाखाली जे छापून येणार होतं, त्याला मोल होतं. इंदापूर तालुक्यात, निरवांगीला, सर्जेराव नावाच्या शेतकऱ्याच्या खालच्या पट्टीत त्यांनी जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप पुरले होते. वरून पाणी द्यायचं, ते माती धूत खाली जायचं आणि पाइपांतून मीठ घेऊन ओढ्याला लागायचं. मीठ खरंच जातंय का, हे बघायला पट्टीच्या मधोमध एक निळी नळी उभी गाडली होती. तिच्यात जमिनीखालचं पाणी चढायचं. त्या पाण्यातले क्षार मोजायचे, की जमीन सुधारतेय का ते कळायचं.

बरीच वर्षं काही सुधारत नव्हतं. पाइप एकमेकांपासून फार लांब पडले असावेत, काळ्या मातीला एवढं अंतर झेपत नसावं, अशी विनयाताईंना शंका होती. मग गेल्या तीन वर्षांत आकडे एकदम उतरायला लागले. नळीतलं पाणी गोडीला आलं. सर्जेरावांचा ऊसही बरा दिसायला लागला. समितीनं या निष्कर्षावर मान डोलावली की निरवांगीपासून निमसाखरपर्यंत सगळ्या खालच्या पट्ट्यांत तेवढ्याच अंतरावर तसेच पाइप पुरायचे, असं ठरलं होतं. ऊस तुटून गेला की खोदाई. विनयाताईंचं एवढं एक काम मागं राहणार होतं.

*

आठवडा गेला असेल. इरा पुन्हा आली, ती या वेळी लॅपटॉप घेऊन. दार लोटून घेतलं आणि उभीच राहिली. बसायला सांगितलं तरी बसेना.

पुस्तिकेत घालायला म्हणून तिनं निरवांगीच्या पट्टीची वरून घेतलेली चित्रं शोधली होती. उन्हाळ्यातली, ऊस तुटून रान उघडं पडल्यानंतरची. दर वर्षीचं एक, अशी तिनं ती ओळीनं लावली. पट्टीच्या मधोमध मिठाचा पांढरा डाग होता, हाताच्या पंजासारखा पसरलेला. पहिल्या चित्रात होता तेवढाच शेवटच्या चित्रात होता. थोडा वाढलाच असेल.

विनयाताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, वरून दिसतं ते वरचं, बाळ. जमीन खालून सुधारत येते.

इरा म्हणाली की तिलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तिनं अजून एक गोष्ट बघितली. ती सांगायला तिला जड जात होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. आकडे ज्या महिन्यापासून उतरायला लागले, त्याच महिन्यापासून मॅडम निरवांगीला सोमवारी जायला लागल्या होत्या. त्याआधी त्या गुरुवारी जायच्या.

हे खरं होतं. पूर्वी प्रयोगशाळेच्या दोन जीप होत्या. एक मोडीत निघाली आणि उरलेली एकच, इंदापूरच्या बाजूला जायला फक्त सोमवारी मिळायला लागली. यात मातीचा काय संबंध?

"तेच मला कळत नाही, मॅडम," इरा म्हणाली. "मला माती येत नाही."

त्या पोरीचा राग यावा असं काहीच नव्हतं, तरी विनयाताईंना आला. त्यांनी तो गिळला. संध्याकाळी तुळशीपुढं दिवा लावताना मात्र मन दिव्यावर ठरेना. वाराचा आणि मिठाचा संबंध त्यांच्या घरात होता, जमिनीत कसा असेल?

*

त्यांनी बिरदेवला गाठलं. बिरदेव म्हणजे जीपचा चालक. गुरुवारी जीप दुसऱ्या विभागाकडं असायची, पण त्या विभागाचे साहेब रजेवर होते. बिरदेवनं डोकं खाजवलं, मॅडम, तुमच्यासाठी लॉगमधी काय लिहायचं ते मी बगतो म्हणाला. विनयाताईंनी त्याला खरं तेच लिहायला सांगितलं आणि इराला बरोबर घेतलं.

भवानीनगर, लासुर्णे, मग डावीउजवीकडं ऊसच ऊस. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून गाणी लावत पोरं चालली होती. बिरदेव म्हणाला की इरा मॅडमला सगळं आभाळातनं दिसतं म्हणतात, मग त्यांनी पुढचा खड्डा कुठं हाय तेवढा आधी सांगावा. इरा हसली. विनयाताई बाहेर बघत होत्या.

पट्टीवर कुणी नव्हतं. सर्जेराव बारामतीला मार्केट यार्डात गेले होते. नळीचं टोपण काढलं, बारीक डबी दोरीनं आत सोडली, पाणी वर काढलं. इरानं मीटरची कांडी बुडवली. आकडा चढत गेला, चढत गेला आणि थांबला तेव्हा विनयाताईंनी मीटर स्वतःच्या हातात घेतलं. पुन्हा पाणी काढलं. पुन्हा तोच आकडा.

मग त्यांनी जुन्या सवयीनं डबीत बोट बुडवून जिभेला लावलं. आज गुरुवार होता, लावता येत होतं. कडवट, खारट, घशाशी चिकटणारं पाणी. पाइप पुरायच्या आधी होतं तसंच.

"मॅडम, बसा," इरा म्हणाली. त्या बांधावर बसल्या.

तेवढ्यात वस्तीवरून कुशाबाई आल्या. सर्जेरावांची आई. सत्तरीच्या पुढच्या, काटक, कपाळावर आडवं कुंकू. हातात चहाची किटली आणि पदराखाली कप. आज गुरवारी कशा काय आला, असं विचारत त्यांनी चहा ओतला. आंधी सांगितलं असतं तर भाकरी टाकली असती, सर्जा बी नेमका गेलाय, असं बोलत बोलत त्या विनयाताईंच्या शेजारी टेकल्या.

विनयाताईंनी सहज विचारावं तसं विचारलं. नळीतलं पाणी रविवारी संध्याकाळी काढून टाकता ना? हे ठरलेलंच होतं. आदल्या संध्याकाळी नळीतलं शिळं पाणी उपसायचं, म्हणजे सकाळपर्यंत जमिनीतलं ताजं पाणी चढतं आणि तेच मोजायला मिळतं.

"व्हय तर. सर्जा न चुकता काढतो," कुशाबाई म्हणाल्या. "आन सकाळी म्या पाटाचं पानी वतते."

विनयाताईंनी कप बांधावर ठेवला.

"कुठं ओतता, कुशाबाई?"

"ह्या नळीतच की. सोमवारी. तुमी यायच्या आंधी तांब्याभर."

"कशासाठी?"

कुशाबाईंनी विनयाताईंकडं असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं. "तुमच्या सोमवारात मीठ जाऊ ने म्हून. आठवत न्हाय का? पैल्या सोमवारी आल्ता, बोट बुडवून तोंडात घातलं, आन मग कान धरले. म्हनला, आज सोमवार, मिठानं बाटला. लई वाईट वाटलं मला. आमच्या रानापायी तुमचं येवढ्या सालाचं व्रत मोडायचं का? तवापास्नं वतते. देवाच्या वाराला पानी गोड असावं."

विनयाताईंना ते आठवलं. पट्टीवरचा तो पहिला सोमवार. चूक झाल्यावर कान धरून आपण हसलो होतो, आणि परत असं व्हायला नको म्हणून सोमवारी पाण्याला जीभ लावणं कायमचं बंद केलं होतं. मीटर बुडवायचं, आकडा घ्यायचा, निघायचं. एकदा जरी जीभ लावली असती तरी पाटाचं पाणी ओळखू आलं असतं. ती चव काय त्यांना ठाऊक नव्हती? व्रत राखायला म्हणून त्यांनी जीभ आवरली आणि तेच व्रत राखायला म्हणून या माउलीनं पाणी ओतलं. दोघींनी मिळून तीन वर्षं जमिनीला बोलू दिलं नव्हतं.

"काय झालं, ताई? चा गोड झाला का?"

"नाही," विनयाताई म्हणाल्या. "चांगला झालाय."

त्यांनी कप पुरा प्यायला. कुशाबाईंना तिथं काही सांगितलं नाही. परतताना बिरदेवनं गाणं लावलं नाही.

*

चिंतामणरावांना त्यांनी जेवताना सांगितलं. चिंतामणराव बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. कुठल्याही गोष्टीवर आधी खूप वेळ गप्प बसायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. भातावर बिनमिठाचं वरण घेऊन ते कालवत राहिले. मग म्हणाले, की समितीपुढं सांगितलंस तर लोक काय म्हणतील, हे तू मला विचारू नकोस, ते तुलाच जास्त ठाऊक. आणि तू सांगितलं नाहीस तर काय होईल, तेही तुलाच ठाऊक.

"निमसाखरपर्यंत रानं उकरतील," विनयाताई म्हणाल्या. "आणि मीठ तिथल्या तिथं राहील."

"मग?"

"मग काही नाही. मी दमलेय. नैपुण्य म्हणून तेवढं एकच नाव होतं."

चिंतामणराव उठले. ताटं त्यांनीच उचलली.

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांकडं गेल्या. संचालकांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत, त्यांच्यातही चिडायचं त्राण नव्हतं. समितीचं जेवण, राहणं, विमानतळावरून आणणं, दुष्काळाच्या चर्चेत पाऊस आला तर मंडप कुठं घालायचा, एवढं सगळं त्यांच्या डोक्यावर होतं. माशाच्या टाकीत चुकीचं पाणी गेलं तर मासे उलटे होऊन वर येतात, ते म्हणाले, त्यामुळं त्यांच्या विषयात लपवायची सोयच नसते. मातीचं बरं असतं, माती गप्प राहते. मग आवाज खाली आणून त्यांनी सुचवलं, की सोमवारचा विषय न काढता निष्कर्ष प्राथमिक आहेत एवढंच म्हणावं. अजून तपासण्या चालू आहेत असंही म्हणावं. ते खोटं नाही. खोदाई दोन वर्षं लांबेल, तोवर खरे आकडे मिळतील, आणि दिवाळीनंतर तुम्ही सन्मानानं घरी जाल. इराला सांगून ते उपग्रहाचं चित्रही पुस्तिकेतून काढून टाका, उगाच प्रश्न निघतील.

ते खरंच खोटं नव्हतं. विनयाताईंना मोह झाला. त्या रात्री त्या बरं झोपल्या, आणि सकाळी जपाची माळ हातात घेतल्यावर मात्र मणी पुढं सरकेना. महादेवाच्या पिंडीवरून पाणी ओघळत होतं. तांब्याभर पाणी. निरवांगीच्या नळीतही तेवढंच जायचं. दोन वर्षं लांबेल असं साहेब म्हणाले, पण त्यांची बदली झाली तर? आपण घरी बसलेल्या असताना कुणी उठून मान डोलावली तर? आणि माती गप्प राहते हे खरं नव्हतं. ती पांढरी पडून सांगत होती, आभाळातून दिसेल एवढ्या मोठ्यानं सांगत होती. ऐकायला माणूस डेहराडूनहून यावा लागला.

माळ त्यांनी पुरी केली. व्रत म्हणजे व्रत.

ऑफिसात इरा वाटच पाहत होती. पुस्तिका छापायला जाणार होती.

"मॅडम, साहेब म्हणतात चित्र काढ. काढू का?"

"राहू दे."

"आणि तुमच्या नावाखाली?"

"त्यातलं निरवांगीचं वाक्य काढ. बाकीचं खरं आहे, ते असू दे."

*

समितीचे अध्यक्ष गव्हाचे जाणकार होते. आयुष्यभर गव्हाच्या नव्या जाती तयार केलेला, उंच, सौजन्यशील माणूस. वय झालेलं, दुपारच्या जेवणानंतर पापण्या जड झालेल्या. विनयाताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पुस्तिकेतला परिचय मोठ्यानं वाचला. राहुरी, सांगली, मग इथं. क्षारपड जमिनीच्या जाणकार, असं वाचून त्यांनी मान वर केली आणि हिंदीत म्हणाले की निरवांगीबद्दल त्यांनी खूप ऐकलं आहे, पण इथं त्याचा उल्लेख कसा नाही.

विनयाताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मुळातच लहान, मागं बसलेल्या अद्वयला माइक पुढं सरकवावा लागला.

"निरवांगीचे गेल्या तीन वर्षांचे आकडे समितीनं धरू नयेत," त्या म्हणाल्या. "नळीत बाहेरचं पाणी जात होतं. मी नुकतंच तपासलं. जमीन सुधारलेली नाही."

समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, बाहेरचं पाणी म्हणजे पावसाचं का? विनयाताई नाही म्हणाल्या. मग कुणी टाकलं? मुद्दाम टाकलं का?

कुशाबाईंची किटली त्यांच्या डोळ्यांपुढं आली.

"रान उघडं असतं, सर. नळीला टोपण होतं, कुलूप नव्हतं. ते लावणं आणि आकडे एवढे बदलल्यावर संशय घेणं माझं काम होतं. हे पुस्तिकेतलं चित्र पाहा. ते आमच्या इरानं शोधलं."

नंतर बरेच प्रश्न झाले. पाइप जवळ पुरले तर फरक पडेल का, असं अध्यक्षांनीच विचारलं. आता त्यांच्या पापण्या जड नव्हत्या. विनयाताईंनी जुनी शंका सांगितली, की अंतर निम्मं करून बघायला हवं होतं, आणि तीन वर्षांपूर्वीच करणार होत्या, पण आकडे उतरले म्हणून थांबल्या. अध्यक्षांनी लिहून घेतलं. निकाल असा झाला, की खोदाईचा प्रस्ताव बाजूला ठेवावा. निरवांगीची पट्टी मात्र मोडू नये, ती पुढं कुणाकडं द्यायची ते प्रयोगशाळेनं ठरवावं. विनयाताईंबद्दल समितीनं चांगलं लिहिलं नाही, वाईटही लिहिलं नाही. देखरेखीत त्रुटी, एवढे दोन शब्द लिहिले. त्यांच्या कामाचा तोच शेवटचा अहवाल होता.

चहाच्या वेळी अनेकजण त्यांच्याशी न बोलता बशीतली बिस्किटं निवडत राहिले. संचालक येऊन एवढंच म्हणाले, की तुम्ही मला सकाळी सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं, हे विनयाताईंनी कबूल केलं.

*

मग सोमवार आला. जीप निघाली. पुढं विनयाताई, मागं इरा. पट्टी आता तिच्याकडं येणार होती. संचालकांनी विचारलं तेव्हा तिनं मला माती येत नाही हेच पुन्हा सांगितलं होतं, आणि माती येणाऱ्या दुसऱ्या कुणालाही ती नको होती.

या वेळी सर्जेराव घरी होते. प्रस्ताव मागं पडल्याचं विनयाताईंनी त्यांना आदल्या दिवशी फोनवर कळवलं होतं, आता बाजूला घेऊन नीट सांगितलं. ऊस बरा दिसतोय तो वर टाकलेल्या जिप्समच्या भुकटीनं आणि कारखान्याच्या मळीनं, खाली मीठ आहे तसंच आहे, हेही सांगितलं. सर्जेराव ऐकत पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत राहिले. मला वाटलंच व्हतं म्याडम, म्हणाले, मधल्या सरीत पाय भेगाळत्यात अजून. पण तुमचं यंत्र म्हनत व्हतं बरं हाय, तर म्हनलं आसंल बरं.

नळीत पाणी कुणी ओतलं, हे विनयाताईंनी त्यांनाही सांगितलं नाही.

कुशाबाई मात्र आज पट्टीवर आल्या नव्हत्या. विनयाताईच वस्तीवर गेल्या. म्हातारी चुलीपुढं बसली होती. रिकामा तांब्या उंबऱ्यावर पालथा घातलेला होता.

"आज वतलं न्हाय," मागं न बघताच त्या म्हणाल्या.

"बरं केलंत."

"त्या दिशी तुमी चा पेला आन तोंड येवढंसं झालं. म्या काय येडी न्हाय. सर्जानं रातच्याला सांगितलं, साहेब लोक येनार व्हतं, आता खोदनार न्हायती. माज्या पान्यानं झालं न्हवं?"

विनयाताई त्यांच्याशेजारी पाटावर बसल्या. गुडघ्यातून कळ आली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आठवड्याभरापूर्वी त्यांनी मोठ्या सभेत खरं सांगितलं होतं, आणि इथं चुलीपुढं खोटं बोलणं जमेना.

"आपल्या दोघींच्यानं झालं," त्या म्हणाल्या.

कुशाबाईंनी लाकूड आत सारलं. बराच वेळ नुसता धूर झाला. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, की मग आता तुमच्या सोमवाराचं काय? मीठ तोंडात गेलं तर?

"माझा सोमवार मी सांभाळेन, कुशाबाई. आता इरा चाखेल. तिला वार नाही."

"त्या पोरीला वार न्हाय?"

"नाही."

"मंग बरं हाय," कुशाबाई म्हणाल्या, पण त्यांना ते फारसं पटलं नव्हतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, विनयाताईंसाठी काढली. मग दुसरी काढली, तिच्यावर लाल चटणी ठेवली, ती इराची. तिसरी स्वतःसाठी घेतली. चटणीकडं हात गेला आणि तिथूनच मागं आला. कोरडी भाकरी मोडून त्यांनी तोंडात घातली.

"तुम्ही कशाला, या वयात?" विनयाताई म्हणाल्या.

"आसू द्या. येवढी सालं फकस्त तुमचं राखत व्हते."

पट्टीत इरानं डबी वर काढली होती. मीटर बाजूला ठेवून ती आधी बोट बुडवत होती. विनयाताईंनी जीपमध्येच तसं सांगून ठेवलं होतं, आधी जीभ, मग यंत्र. दोघी म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इरानं बोट जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि बांधाच्या पलीकडं थुंकली.

"कसं हाय गं?" कुशाबाईंनी हाक घातली.

"खारट," इरा ओरडून म्हणाली. "फार खारट."

विनयाताईंनी मान हलवली आणि राहिलेली भाकरी हातात घेऊन, बांध धरून, सावकाश पट्टीकडं चालू लागल्या. पाइप कुठं जवळ पुरायचे ते पोरीला आजच दाखवून ठेवायला हवं होतं.